शेवटचं पान सांगायचं नाही: विज्ञान कादंबऱ्या आणि थरारकथांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव दीडेकशे उंबऱ्यांचं. वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीची जुनी खोली, दोन लोखंडी कपाटं, एक टेबल आणि देवघेवीचं रजिस्टर. ते मी सांभाळते. दर बुधवारी दिवाबत्ती झाली की दहा-बारा जण सतरंजीवर बसतात आणि वाचलेल्या पुस्तकावर बोलतात. आधी आम्ही सगळ्याच पुस्तकांवर बोलायचो. हळूहळू गाडी विज्ञान कादंबऱ्या आणि थरारकथांवर येऊन थांबली, कारण भांडण त्यांच्यावरच चांगलं रंगतं. आजूबाजूच्या गावांतून येणारे वाचक तेच तेच विचारतात, म्हणून एकदाचं लिहून ठेवलं.

मी फारसं वाचलेलं नाही. मला मत द्यायचा अधिकार आहे का?

आहे. आमच्यातली सगळ्यात धारदार समीक्षक ऐंशी पार केलेली एक आजी आहे आणि तिला अक्षर ओळखता येत नाही. नातू रात्री मोठ्याने वाचतो, ती वाती वळत ऐकते. एका हेरकथेतला नायक तीनशे पानं देशोदेशी पळत होता. सगळे त्याच्यावर खूश. आजीने एवढंच विचारलं, "याच्या घरी कोणी वाट पाहत नाही का बाप्पा? एक फोन तं कराव." त्यानंतर त्या नायकाकडे कोणालाच गंभीरपणे बघता आलं नाही. नायकाला मागेपुढे कोणी नसणं ही त्या लेखकाची सोय होती आणि आजीने ती पकडली.

"चांगली आहे", "टाइमपास आहे" एवढं बस नाही का?

नाही. "चांगली आहे" तर आपण जावयालाही म्हणतो.

कोणी पुस्तक परत आणलं की मी एकच विचारते: कुठे थांबलात? म्हणजे कोणत्या पानावर पुस्तक खाली ठेवावंसं वाटलं, किंवा कुठे ठेवायला हवं होतं तरी ठेवता आलं नाही. यातून जे बाहेर येतं ते खरं मत. गेल्या रब्बीत एक पोरगा ओलिताला जायचा. आमच्याकडे थ्री फेजची लाईन आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच असते. मोटार चालू करून तो धुऱ्यावर बसायचा आणि मोबाईलच्या टॉर्चवर एक थरारकथा वाचायचा. पुस्तक परत करताना पोरगा म्हणाला, "ताई, दांड फुटला, पाणी शेजारच्या वावरात गेलं, तरी पान नाही सोडलं." त्या एका वाक्यावर रजिस्टरमध्ये तिघांनी पुढचा नंबर लावला. त्याच्या वडिलांचं मत अर्थातच निराळं होतं. हरभऱ्याच्या दोन सऱ्या त्यांच्या गेल्या होत्या.

आणि शिफारस करताना समोर कोण आहे ते बघा. "सगळ्यांनी वाचावं असं" पुस्तक मला अजून सापडलेलं नाही. दिवसभर कापसाची वेचणी करून आलेल्या वहिनींना चारशे पानांची अंतराळातली वंशावळ देऊ नये. त्यांना चाळीस पानांत संपणारी कथा द्यावी. तीच वंशावळ बारावीनंतर घरी बसलेल्या पोट्ट्याला उन्हाळाभर पुरते.

कथानक किती सांगावं?

इथे मी जरा कडक आहे. शहरात एकाने शेवट फोडला तर दुसरा दुकानातून दुसरं पुस्तक आणेल. आमच्याकडे प्रत एकच आणि तिच्या रांगेत चौदा माणसं. एक फुटलं की चौदा जणांचा महिना वाया.

माझा नियम असा: पहिल्या पाव भागात जे घडतं ते बिनधास्त सांगा. प्रेत सापडलं, यान भरकटलं, गावात ताप पसरला, हे चालेल. पुढचं आपल्या पोटात. आणि "शेवटी असा धक्का आहे ना!" हेही सांगू नका. धक्का आहे हे कळलं की माणूस प्रत्येक पानावर खांब धरूनच बसतो.

यावरून झालेला प्रकार सांगते. एका रहस्यकथेत पान नऊवर कोणीतरी एका पात्राच्या नावापुढे पेन्सिलीने लिहिलं होतं, "हाच तो". मी खोडरबराने पुसलं, पण दाबून लिहिलेलं असल्यामुळे कागदावर वळ राहिला. दिव्याखाली पान तिरकं धरलं की वाचता येई आणि लोक धरतच. पाच-सहा जणांनी त्या बिचाऱ्या पात्रावर डोळा ठेवून सगळं पुस्तक वाचलं. शेवटी खुनी निघाला दुसराच! लिहिणाऱ्याने नवव्या पानावर नुसता अंदाज ठोकला होता. त्या पुस्तकाला मग दुप्पट मागणी आली आणि तो वळ मी तसाच राहू दिला.

पण शेवट माहीत असला तर मजा जातेच का?

रहस्यकथेत जाते. थरारकथेत नेहमीच नाही. फ्रेडरिक फोर्सिथ यांची 'द डे ऑफ द जॅकल' १९७१ साली आली. विषय काय, तर फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारायला नेमलेला भाडोत्री मारेकरी. आता द गॉल १९७० साली आपल्या घरी वारले, हे पुस्तक विकत घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणजे मारेकरी अपयशी ठरणार हे पहिल्या पानाआधीच फुटलेलं. तरी पुस्तक हातातून सुटत नाही, कारण तो खोटा पासपोर्ट कसा मिळवतो, बंदूक कशी बनवून घेतो, पोलीस त्याच्या किती जवळ पोचतात, यातच जीव अडकतो.

आमच्याकडे फरक असा सांगतात: रहस्यकथेत "कोणी केलं?" आणि थरारकथेत "आता काय होईल?" पहिलीत वाचक मागे बघतो, दुसरीत पुढे. विज्ञान कादंबरी या दोन्हींपैकी कशाचाही अंगरखा घालू शकते, पण तिच्या मुळाशी "असं झालं तर?" असतं. हा "तर" काढून घेतल्यावर गोष्ट तशीच उभी राहत असेल, तर ती विज्ञान कादंबरी नव्हे. मग यान असो की यंत्रमानव असो, तो नुसता मंडपाचा पडदा.

पहिल्यांदाच वाचतोय. सुरुवात कुठून करू?

जयंत नारळीकरांपासून. हे उत्तर इतक्यांदा दिलंय की आता लोक माझ्याआधी तेच म्हणतात. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवली. आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी केली, बस. तेव्हा ते जगभर नावाजलेले खगोलशास्त्रज्ञ होते. परीक्षकांना नाव दिसलं असतं तर निकालाला काय किंमत राहिली असती? पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं. बुधवारी कधी कधी आम्ही हाच खेळ करतो: पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून देते, लेखकाचं नाव झाकलेलं. मतं एकदम बदलतात.

आधी 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह घ्या. मग 'वामन परत न आला' ही कादंबरी. जमिनीत खोल पुरलेली एक जुनी पेटी सापडते आणि ती उघडावी की नाही यापासून गोष्ट पकड घेते. आमच्याकडे विहीर खणताना काहीही लागलं तरी पंधरा माणसं जमतात, त्यामुळे सुरुवात सगळ्यांना आपली वाटते. 'प्रेषित' त्यानंतर. माझी एक तक्रार सांगून टाकते: नारळीकरांची पात्रं कधी कधी फळ्यासमोर उभी असल्यासारखी बोलतात. पण कल्पना इतकी स्वच्छ मांडलेली असते की तेवढं सहन होतं.

पुढे बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, लक्ष्मण लोंढे ही नावं शोधा. जावडेकर माणसाच्या मनाजवळ जास्त जातात, म्हणून "मला विज्ञान नको" म्हणणाऱ्यांना मी गुपचूप तेच देते.

मला विज्ञान कळत नाही. चालेल का?

कळत नाही असं वाटणारेच कधी कधी जास्त पकडतात. अँडी विअर यांच्या 'द मार्शियन' या इंग्रजी कादंबरीची गोष्ट इथल्या एका निवृत्त गुरुजींनी चार बुधवार लावून सांगितली. नायक मंगळावर एकटा अडकतो आणि जगण्यासाठी बंद निवाऱ्यात बटाटे लावतो. खत म्हणून माणसाची विष्ठा वापरतो. गुरुजी जरा संकोचले, पण मागून एक काकाजी म्हणाले, "म्हणजे सोनखत. आमचे आबाजी टाकत." आणि चर्चा सुरू झाली. पाणी कुठून? रॉकेटच्या इंधनातला हायड्रोजन जाळून. एवढ्या मातीला ते पुरेल का? बटाट्याला भर कोण देणार? आणि शेवटी खरा प्रश्न आला: "करपा काहून नाही आला वो?" गुरुजी म्हणाले, मंगळावर करप्याचे जंतू नाहीत. काकाजी म्हणाले, बियाण्यासोबत गेले असतील. आमचं बियाणं कधी निरोगी निघालंय?

मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचे विषारी क्षार आहेत, हे २००८ साली तिथे उतरलेल्या फिनिक्स यानाने दाखवलं. त्या मातीत बटाटा खाण्याजोगा पिकवायचा तर ती आधी धुवावी लागेल. आणि ज्या वादळाने नायक अडकतो, ते वादळ मुळात एवढं जोर धरू शकत नाही, कारण मंगळावरच्या हवेचा दाब आपल्याकडच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. हे लेखकानेच कबूल केलंय. गोष्ट सुरू करायला त्याला काहीतरी हवं होतं.

मग चूक सापडली म्हणून पुस्तक वाईट का? गावात दोन तट आहेत. माझं मत असं की लेखकाला एक मोठं खोटं माफ. त्या खोट्यावर उभं केलेलं बाकी सगळं हिशेबाला पटलं पाहिजे. ज्यूल व्हर्नने १८६५ साली माणसांना तोफेतून चंद्राकडे उडवलं. तशा धक्क्याने आतली माणसं जागीच चेंदली असती. पण तोफ त्याने फ्लोरिडात उभी केली, आणि १९६९ साली अपोलो ११ फ्लोरिडातूनच निघालं. चंद्र थेट डोक्यावर येतो अशा, विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यातून उडावं हा त्याचा हिशेब होता.

हे सगळं अमेरिकेत नाहीतर पुण्या-मुंबईत घडतं. आमच्या इकडे काय आहे?

काय नाही ते विचारा.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी अर्ध्या विदर्भाने आकाशातून जळत जाणारी रांग पाहिली. आमच्या अंगणातून मीही पाहिली, हातात पुरणाचं पातेलं होतं. कोणी विमान म्हणालं, कोणी उल्का, एका आजोबांनी तर हात जोडले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूची एक भलीमोठी कडी पडलेली सापडली. तिचा व्यास सुमारे तीन मीटर. आसपास धातूचे गोळेही मिळाले. चिनी रॉकेटचा तो तुकडा असावा, असं जाणकारांनी सांगितलं. विज्ञान कादंबरीचं याहून चांगलं पहिलं प्रकरण मी वाचलेलं नाही, आणि ते सणाच्या दिवशी धानाच्या मुलखात घडलं.

लोणारचं तर काय सांगावं. बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेलं विवर, व्यास पावणेदोन किलोमीटरहून थोडा जास्त. जून २०२० मध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे ते झाल्याचं तपासात निघालं. पण तो खुलासा येईपर्यंतचे जे दिवस होते ना, तिथे कादंबरी आहे.

थरारकथा हवी? २००२ साली बीटी कापसाला, म्हणजे अळीला मारक जनुक घातलेल्या वाणाला, परवानगी मिळाली. ज्या बोंडअळीपासून हे वाण वाचवणार होतं, तिच्यातली गुलाबी अळी काही वर्षांत त्यालाच पचवायला शिकली आणि २०१७ च्या हंगामात आमची बोंडं आतून पोखरून गेली. खलनायक अर्ध्या इंचाचा आणि फुलाच्या आत लपलेला. हे कोणी लिहीत नाही, याचा मला राग आहे.

आणि लेखक? 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन'वाले अरुण साधू मूळचे परतवाड्याचे. त्यांनी 'विप्लवा' ही विज्ञान कादंबरी लिहिली, हे अमरावतीकडच्या लोकांनाही माहीत नसतं. जुन्या ग्रंथालयांत विचारून पाहा.

जुने रहस्यकथावाले आता वाचावेसे वाटतात का?

बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळा पहाड हे नायक आमच्या वडिलांच्या पिढीने गादीखाली लपवून वाचले. आज वाचताना वेग अजून जाणवतो. वाक्यं आखूड, प्रकरण संपलं की दार वाजलंच. पण त्यातल्या बायका मुख्यतः दोन कामं करतात: किंचाळतात किंवा विष घालतात. एका मुलीने हे मोजून वहीत लिहून आणलं होतं, आणि काकाजी मंडळी आठवडाभर रुसली.

सुहास शिरवळकर अजून टिकून आहेत. 'दुनियादारी'मुळे नाव ओळखीचं, पण त्यांचे बॅरिस्टर अमर विश्वास, मंदार पटवर्धन, दारा बुलंद या नायकांच्या कथा हे वेगळंच खातं आहे. त्यात दारा बुलंद मला अतिच वाटतो. अमर विश्वासची कोर्टातली उलटतपासणी मात्र मन लावून वाचावी. इथल्या एका भावाने वावराच्या वाटणीच्या खटल्यात वकिलाला ती वाचायला दिली होती. निकाल काय लागला ते विचारू नका.

भयकथा यात मोडतात का?

भांडून भांडून आम्ही "हो" ठरवलंय. नारायण धारप त्यामुळेच कपाटात आहेत. 'लुचाई' वाचलीत तर हेही माहीत असू द्या की तिचा सांगाडा स्टीफन किंग यांच्या 'सेलम्स लॉट' या इंग्रजी कादंबरीचा आहे. हे शिफारस करतानाच सांगावं, नंतर कळलं तर वाचक आपल्यावर उखडतो. जागलीला जाताना मात्र धारप नेऊ नका. मचाणावर रात्री दोन वाजता रानडुकराची चाहूल आणि 'लुचाई', हा प्रयोग इथे होऊन गेला आहे. माणूस चालत गेला होता, पळत आला.

अनुवाद वाचावा की मूळ इंग्रजी?

मूळ झेपत असेल तर मूळ. नसेल तर अनुवाद, आणि त्यात कमीपणा नाही. पण अनुवाद चांगला की वाईट हेही तुमच्या मतात आलं पाहिजे. "त्याने खांदे उडवले" असं वाक्य एका पुस्तकात पंधरा वेळा होतं. बुधवारी एकजण कळवळून म्हणाला, "एवढे स्फोट झाले तरी माणूस मरत काहून नाही?" गोऱ्या माणसाचं "मला काय माहीत" दाखवायचं ते हावभाव. मराठी माणूस अशा वेळी ओठ काढतो नाहीतर हात हलवतो. अनुवादकाला हे सुचलं नसेल तर ती उणीव सांगावी, त्यात मूळ लेखकाची नालस्ती होत नाही.

अर्ध्यात सोडलेल्या पुस्तकावर मत चालतं का?

चालतं, फक्त "मी पान एकशे दहाला सोडलं" हे आधी सांगा.

ऐकलेलं पुस्तक वाचलेलं धरता का?

आजीला धरतो, मग तुम्हाला का नाही? वेचणीच्या वेळी कानात यंत्र घालून ऐकणाऱ्या चौघीजणी आहेत. त्यांना लेखकांची नावं आठवत नाहीत, पण आवाज देणाऱ्याबद्दल त्या फार कठोर आहेत.

नाही आवडलं तर तोंडावर सांगायचं का? लेखक ओळखीचा असला तर?

सांगायचं, पण पुस्तकाबद्दल. पंचक्रोशीतल्या एका गृहस्थांनी पदरमोड करून कादंबरी छापली आणि स्वतः येऊन बसले. आम्ही चहा दिला. मग एका मुलीने विचारलं, यातला शास्त्रज्ञ सहा महिने प्रयोगशाळेबाहेर पडत नाही, तर प्रकरण चारमध्ये तो पोळ्याला बैल कसा सजवतो? खरंच तसं होतं. ते हसले, चहा संपवला आणि त्यानंतर आमच्या रस्त्याने जाताना मोटारसायकलचा वेग वाढवतात. मला वाईट वाटतं. पण प्रश्न बरोबर होता.

मी काय चुकले ते सांगते: सुरुवात त्यांच्या पुस्तकातल्या पुराच्या प्रसंगापासून करायला हवी होती. तो त्यांनी फार चांगला लिहिला होता. तसं झालं असतं तर ते बसून राहिले असते.

मुलांना काय द्यावं?

भा. रा. भागवत. फास्टर फेणे तर आहेच, पण त्यांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला तो असा की मुलाला परदेश परका वाटत नाही. सहावी-सातवीपासून चालतं. खून असलेल्या कथा कोणत्या वयात द्याव्यात यावर आईबापांनी माझ्याशी वाद घालू नये. घरी टीव्हीवर काय चालतं ते मला माहीत आहे.

पीडीएफ आहे का?

नाही. आणि असली तरी मी देणार नाही.

शेवटची पानं फाटलेल्या त्या पुस्तकाचं काय झालं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून मुद्दाम शेवटी ठेवला.

देणगीत आलेल्या गठ्ठ्यात एक जुनी थरारकथा होती. कव्हर नाही, लेखकाचं नाव नाही, आणि शेवटची आठ पानं गायब. नायिका बंद पडलेल्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात अडकलेली, बाहेर पावलं वाजतात आणि पुस्तक संपतं. मी ते रद्दीत टाकणार होते. पण पहिल्याच वाचकाने परत करताना रजिस्टरच्या शेऱ्यात लिहिलं, "बाहेर तिचा भाऊ आहे." पुढच्याने लिहिलं, "भाऊ नाही, चौकीदार." आजीचं म्हणणं, बाहेर कोणीच नाही, पावलं तिच्याच मनातली. आतापर्यंत अकरा शेवट झाले आहेत.

मागच्या महिन्यात अमरावतीला शिकणाऱ्या एका मुलाचा फोन आला. जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्याला तीच गोष्ट मिळाली होती, सगळी पानं असलेली. आणू का, विचारत होता. बुधवारी मी हे सांगितलं तर खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मग हात वर करून मतं घेतली: आणावी म्हणणारे पाच, नको म्हणणारे सहा. आजीने हात वर केला नाही. ती म्हणाली, आणा, पण मले सांगू नका.

त्या मुलाने पुस्तक घेऊन ठेवलंय, दिवाळीला येताना आणेल. फाटकी प्रत दुसऱ्या कपाटात खालच्या खणात आहे. न्यायची असेल तर सही करा आणि शेऱ्याची जागा रिकामी ठेवू नका.